एकोणीस काळे ठिपके

माझ्या डाव्या अंगठ्याला नख नाही. ते एका मकाव पोपटानं नेलं, बत्तीस वर्षांपूर्वी, आणि त्यानंतर तो मकाव सोळा वर्षं मजेत जगला. मला विचाराल तर नख सत्कारणी लागलं.

मी डॉक्टर निर्मला आरवाडे. मिरजेत पक्ष्यांचा दवाखाना चालवते. कासवं, इगुआना, पांढरे उंदीर हेही येतात, पण पाटीवर पक्षीच आहेत. माणसांच्या डॉक्टरांनी भरलेल्या या गावात मी पाटी लावली तेव्हा सासरे म्हणाले होते, "गाई आहेत, म्हशी आहेत, आणि आमची सून पोपटांची नाडी बघणार!" सासऱ्यांचं ऐकलं असतं तर नख राहिलं असतं, एवढंच.

आता जे सांगणार आहे त्याबद्दल पाळीव पक्षी मंडळाकडे माझी चौकशी चालू आहे. वकील म्हणतात, गप्प बसा. बसते, कप्पाळ!

पक्षी आजार लपवतो, हे आधी समजून घ्या. थव्यात जो अशक्त दिसतो त्याच्यावर ससाणा पहिल्यांदा झडप घालतो. म्हणून मरायला टेकला तरी पक्षी धडधाकट असल्याचं नाटक करतो. मालक रडत येतात, "डॉक्टर, सकाळपर्यंत ठणठणीत होता हो!" ठणठणीत कसला? तीन आठवडे मरत होता बिचारा, नाटक चांगलं वठवत होता. ते नाटक ओळखणं हीच माझी तीस वर्षांची विद्या.

माझी मुलगी रेवती, म्हणजे रेवा, संगणकवाली. सात वर्षांपूर्वी तिनं माझी चार लोखंडी कपाटं उघडली आणि अकरा हजार केसपेपरांचे एकेक करून फोटो काढले. जुने व्हिडिओही नेले. "आई, तुझ्या डोळ्याला जे दिसतं ते मी यंत्राला शिकवते," म्हणाली. त्यातून तळहाताएवढा कॅमेरा निघाला. तो पिंजऱ्याला लावायचा. श्वास किती खोल, पापणी किती मिटते, शेपूट किती हलते, भार कोणत्या पायावर, हे तो रात्रंदिवस बघतो. मग जुन्या हजारो रोग्यांशी ताडून दोन आकडे देतो. एक वेदनांक, शंभरपैकी. दुसरा, उरलेले दिवस. रेवानं त्याचं नाव ठेवलं 'नजर'. माझी नजर. त्या दिवशी मी आनंदानं रडले होते, मूर्खासारखी.

रेवा नोकरी करायची त्या कंपनीनं 'नजर' देशभर नेली. तीन वर्षांपूर्वी पाळीव पक्षी मंडळानं तिच्यावर नियमच बांधला. वेदनांक ऐंशीच्या वर आणि दिवस दहाच्या आत आले की पक्ष्याला लाल खूण लागते. बहात्तर तासांत डॉक्टरनं त्याला सुई द्यायची, कायमची झोपवणारी. खूण लागल्यावर उपचार केले तर तो वेदना लांबवण्याचा गुन्हा, डॉक्टरची नोंदणी रद्द. मला नियम पटला होता. स्वतःला रडू नको म्हणून पक्ष्याला महिनोन्‌महिने कुजत ठेवणारे मालक मी पाहिलेत. मी मुकाट्यानं सह्या करत गेले.

मग गेल्या नोव्हेंबरात, बुधवारी सकाळी, दस्तगीरचाचा आले.

दस्तगीर शिकलगार सतारी बनवतात. वय सत्तरच्या पुढं. त्यांचा आफ्रिकन ग्रे पोपट, मुन्शी, चोवीस वर्षं त्यांच्या दुकानात बसून कामावर देखरेख करायचा. कुठलीही तार थोडी उतरली की ओरडायचा, "चढव!" भल्याभल्या वादकांना त्यानं दरडावलंय. मी त्याची नखं कापायचे तेव्हा मलाही दरडावायचा.

त्या दिवशी तो चाचांच्या उपरण्यात गुंडाळलेला होता आणि थरथरत होता. छातीची पिसं त्यानं स्वतःच उपटली होती. दांडीवर ठेवला तर पाय सुटून पडायचा. दोन महिने अक्षर बोलला नव्हता.

"बाई, काल सकाळी फोनवर लाल आलं," चाचा म्हणाले. "वेदना अठ्ठ्याऐंशी, दिवस सहा. बहात्तर तासांत दवाखान्यात न्या म्हणतंय."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, चार बरे शब्द बोलले आणि सुई भरायला घेतली. खोटं कशाला बोलू? सवय झाली होती.

चाचांनी मुन्शीला ओंजळीत धरलं. "बाई, एक इचारू? ह्या यंत्रानं मरणार म्हटलेला एखादा पक्षी कधी जगला का?"

"नाही चाचा. एकसुद्धा नाही," मी म्हटलं. माझ्या आवाजात अभिमान होता, आता आठवलं की लाज वाटते.

"आणि त्यास्नी सुई कुणी दिली?"

"डॉक्टरांनी. इथं मी."

"मग ते मरणार हुते, हे यंत्राला कुठनं कळलं?"

मला राग आला. फार आला. "चाचा, हे विज्ञान आहे. तुम्हाला नाही कळायचं."

"न्हाईच कळत," ते शांतपणे म्हणाले. "मला तार कळती. तुटंल म्हणून तार आधीच कापली, तर ती तुटणार हुती का न्हाई, हे मला जन्मात सांगता यायचं न्हाई. म्हणून इचारलं."

मी सुई ट्रेमध्ये ठेवली.

कारण मला माझे ठिपके आठवले होते.

पहिल्या वर्षापासूनची माझी एक खोड आहे. पक्षी दगावला की केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात काळा ठिपका द्यायचा. आपोआप मेला तरी ठिपका, मी सुई देऊन झोपवला तरी ठिपका. पेपर मालक हातात घेऊन बघतो. लेकरासारखा वाढवलेला पोपट, आणि तिथं मी लिहू 'इंजेक्शन देऊन मारला'? मला जमायचं नाही. कुठला ठिपका कसला, ते माझ्या डोक्यात असायचं. कुणी विचारलं नाही. रेवानं विचारलं नाही. यंत्र काय विचारणार डोंबल?

मी कपाटं उघडली. थरथरणारे, दांडीवरून पडणारे आफ्रिकन ग्रे वेगळे काढले. एकोणीस पेपर, एकोणीस ठिपके. एकेक पक्षी डोळ्यांसमोर आला. त्यांतले दोन आपल्या मरणानं मेले होते. सतरांना सुई मी दिली होती. त्या काळी दोन थेंब रक्तावर तपासणी करून देणारी प्रयोगशाळा आमच्या भागात नव्हती. थरथर म्हणजे मेंदूचा रोग, उपाय नाही, असं मी ठरवून मोकळी झाले होते. तिशीतल्या अडाणी निर्मलाचं ते अज्ञान यंत्रात जाऊन बसलं होतं आणि एकसष्ट वर्षांच्या निर्मलाला हुकूम सोडत होतं.

"चाचा, धरा त्याला," मी म्हटलं. "रक्त काढते."

आता तपासणी टेबलावर होते. वीस मिनिटांत आकडा आला. कॅल्शियम असायला हवं त्याच्या निम्मंसुद्धा नव्हतं. आफ्रिकन ग्रे या बाबतीत मुळात नाजूक. कॅल्शियम घटलं की स्नायू थरथरतात, फिट येते, पकड जाते. बाहेरून बघाल तर पोपट मरायला टेकलाय.

"ह्याला खायला काय देता?"

"सूर्यफुलाच्या बिया. आमच्या ताटातला भात."

"चोवीस वर्षं?"

"व्हय."

यात कॅल्शियम नावालाही नाही. या खाण्यावर तो दहा वर्षांतच आडवा व्हायला हवा होता. मग जगला कशावर? मी ॲप्रन काढला, औषधांची बॅग उचलली आणि मुन्शीला घेऊन त्यांच्याबरोबर दुकानात गेले.

दुकान पूर्वेकडं तोंड करून आहे. फळीवर भोपळे टांगलेले, कोपऱ्यात लाकडाचा वास. मुन्शीची जुनी दांडी कामाच्या पाटाला लागूनच होती. मी पाटाच्या फटीत बोट घातलं, तर पांढरी भुकटी लागली.

"ही कसली?"

"हाडाची. सतारीची घोडी उंटाच्या हाडाची असती न्हवं? तारा तिच्यावर टेकत्यात. जवारी काढताना, म्हंजे सूर खुलावा म्हणून घोडीचा माथा घासताना, कानस फिरवली की भुगा पडायचा, आन् हा येडा चाटत बसायचा. मी किती हाणलाय त्याला त्यापायी!"

"आता हाड नाही?"

"दोन वर्सं झाली. पोरानं प्लास्टिकच्या छापील घोड्या आणल्या, मशीनीतनं येत्यात. घासायचं कामच न्हाई."

"आणि दांडी इथून का हलवली?"

चाचांनी आत बोट दाखवलं. आतल्या खोलीत, खिडकीपासून लांब, पिंजरा होता. त्यावर 'नजर' चमकत होती. "यंत्राला सारखा उजेड लागतो म्हणं. ऊन पडलं की चालत न्हाई."

अंगात कॅल्शियम मुरायचं तर जीवनसत्त्व डी लागतं, आणि ते पक्ष्याला उन्हातून मिळतं. काचेआडचं ऊन त्याला उपयोगी नाही. बाविसेक वर्षं मुन्शी सकाळच्या उन्हात बसून उंटाचं हाड चाटत होता. मग आम्ही त्याचं हाड काढून घेतलं, ऊन काढून घेतलं, अंधारात बसवून कॅमेरा लावला आणि कॅमेऱ्यानं सांगितलं, हा मरणार. वा रे विज्ञान! वा रे निर्मला!

तिथंच मी मुन्शीला कॅल्शियमचं पहिलं इंजेक्शन दिलं. उजळ माथ्यानं, रस्त्यावरच्या लोकांदेखत. दवाखान्यात परत येऊन पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'लाल खूण लागलेल्या पक्ष्यावर येथे उपचार चालू आहेत', आणि पुठ्ठा दारावर ठोकला. चोरून करायला मी काय पाप करत होते?

मी फोनवर कळवलं होतं, म्हणून संध्याकाळी रेवा पुण्याहून गाडी मारत आली. पाटी वाचूनच आत शिरली.

"आई, तुला वेड लागलंय का? नोंदणी जाईल तुझी!"

"जाऊ दे. मला सांग, तुझ्या यंत्राला ठिपका म्हणजे काय शिकवलंस?"

"मृत्यू. दुसरं काय?"

"आणि खूण लागल्यावर ज्यांना सुई देतात, त्यांची नोंद काय होते?"

"मृत्यूच. अंदाज बरोबर आला अशी." एवढं बोलून ती थांबली. माझी मुलगी हुशार आहे, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तरी मग हट्टानं म्हणाली, "शंभरात सत्त्याण्णव बरोबर आहेत, आई."

"माझ्या गळ्याला दोरी बांध आणि उद्या मरणार म्हणून सांग. तू शंभरात शंभर बरोबर येशील."

ती रागानं उठून गेली. पण पुण्याला गेली नाही.

गुरुवारी सकाळी दवाखान्यात मुन्शीला फिट आली. मी त्याला टॉवेलमध्ये धरून बसले होते. त्याचे डोळे वर गेले, पाय ताठ झाले. 'नजर' म्हणाली त्र्याण्णव, दिवस तीन. कॅल्शियम चढायला वेळ लागतो, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि हातातला जीव तडफडताना बघणं यात फरक आहे.

"तुझा हट्ट तो भोगतोय," रेवा दारातून म्हणाली.

मला ते लागलं. कदाचित खरंही असेल, असं वाटलं. मी दुसरं इंजेक्शन दिलं.

अर्ध्या तासानं फिट उतरली. रेवा कपाटांपाशी फरशीवर बसून ते एकोणीस पेपर चाळत होती. एका पेपरपाशी थांबली. वर मालकाचं नाव होतं, कु. रेवती आरवाडे, वय नऊ.

बंड्या. तिचा ग्रे. दांडीवरून पडायचा, थरथरायचा. ती शाळेतून आली तेव्हा मी तिला सांगितलं होतं, तू गेलीस आणि तो झोपेतच गेला. महिनाभर ती जेवताना रडत होती. पक्षी असा अचानक मरता कामा नये, आधी कळलं पाहिजे, असं तिनं तेव्हाच मनाशी धरलं. 'नजर' खरं तर तिथून सुरू झाली.

"हा त्या दोघांतला ना?" तिनं विचारलं. "आपोआप गेलेल्या?"

'हो' म्हणायला काय लागत होतं? ठिपक्यावरून काही कळत नाही. बंड्याबद्दल मी एकटीच जाणत होते आणि मी मेल्यावर ते माझ्याबरोबरच जळलं असतं. पण आता गप्प बसले असते तर तो विसावा ठिपका झाला असता.

"नाही," मी म्हटलं. "त्यालाही मीच. तू शाळेत असताना. आणि कॅल्शियम दिलं असतं तर तो जगला असता, रेवा."

तिनं माझ्याकडं पाहिलं. माझं पोर नऊ वर्षांचं झालं होतं. मग ती पेपर घेऊन उठली, गाडीत जाऊन बसली आणि काच वर केली. मी बाहेर गेले नाही. मला तोंड नव्हतं.

शुक्रवारी सकाळी अकराला मंडळाचे निरीक्षक आले, डॉक्टर केतन भोकरे. पक्षी कसा धरायचा, हे या केतनला मीच शिकवलं होतं. त्याच्या हातात सुईची सीलबंद पेटी होती.

मी मुन्शीला दस्तगीरचाचांच्या दुकानात ठेवलं होतं, त्याच्या जुन्या दांडीवर, उन्हात. पाटावर चाचांनी जुनं हाड आणि कानस काढली होती. केतन तिथंच आला.

"मॅडम, मुदत संपली," तो खालमानेनं म्हणाला. "पक्षी माझ्याकडं द्या. मला पण वाईट वाटतंय."

"तुला वाईट वाटण्यासाठी पगार मिळत नाही, केतन. डोळे उघडे ठेवण्यासाठी मिळतो. बघ की त्याच्याकडं. दोन्ही पायांनी दांडी धरलीय."

"मी बघून काय उपयोग? नियमात आकडा लागतो." त्यानं खिशातली 'नजर' काढली, पेटीनं ऊन अडवलं आणि ती मुन्शीसमोर धरली.

मी मध्ये उभी राहिले. "हे घे माझं नोंदणीचं कार्ड. गुन्हा मी केलाय, पक्ष्यानं नाही. सुई द्यायची तर मला आधी बाजूला कर. कर, हिंमत असेल तर!"

चाचा उठून माझ्या शेजारी उभे राहिले. हातात कानस होती. बिचारे ती ठेवायला विसरले होते, पण केतन दोन पावलं मागं सरला.

"ताडून तरी बघा, सर," मागून आवाज आला.

रेवा. कालचेच कपडे, डोळे सुजलेले. माझ्याकडं न बघता ती केतनशी बोलली. "काल दुपारी मी सतरा नोंदी बदलल्या. 'मृत्यू' काढलं. 'डॉक्टरनं झोपवलं, जगला असता का ते अज्ञात' असं घातलं. कंपनीला विचारलं नाही. माझी किल्ली होती, वापरली."

'नजर' मुन्शीला बघत राहिली. दहा सेकंद, वीस सेकंद. मग पडद्यावर ते आलं, जे सात वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. आकडा नव्हता. शब्द होते: 'सांगता येत नाही'.

सांगता येत नाही! मला त्या यंत्राचा मुका घ्यावासा वाटला. पहिल्यांदाच ते शहाण्या डॉक्टरसारखं बोललं होतं.

"नियमात आकडा लागतो," रेवा म्हणाली. "आकडा नाही."

केतननं घाम पुसला आणि वरिष्ठांना फोन लावला. इतक्या हळू आवाजात बोलत होता की पलीकडच्याला ऐकूच जाईना. "हो सर... नाही सर... आकडा येत नाही सर..."

दांडीवरून दोन महिन्यांत पहिल्यांदा आवाज आला. "चढव!"

चाचांच्या हातातली कानस खाली पडली. ते तोंडावर उपरणं धरून रडायला लागले, आणि मी हसले की रडले, मला आठवत नाही.

केतननं पेटी न उघडता परत नेली. माझं कार्ड मात्र घेऊन गेला. खूण लागल्यावर उपचार केले हा गुन्हा होताच. रेवाची नोकरी त्याच आठवड्यात गेली. पुण्याला जाताना तिनं बंड्याचा पेपर बरोबर नेला. मला माफ केलंस का, असं मी विचारलं नाही. रविवारी तिचा फोन येतो, बाकीच्या अकरा हजार पेपरांतला कुठला ठिपका कसला, हे ती मला विचारते. मी खरं सांगते. काही वेळा आम्हा दोघींनाही पुढं बोलवत नाही, मग फोन ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी परत सुरू करतो.

सध्या मला दवाखाना उघडायला बंदी आहे. मी चाचांच्या दुकानाच्या पायरीवर बसते. लोक पिंजरे घेऊन येतात. मी उपचार करत नाही, गप्पा मारते. गप्पांत ऊन आणि कॅल्शियम यांचा विषय निघतो, त्याला मी काय करू?

सुई दिलेल्यांच्या उरलेल्या सोळा पेपरांवर, ठिपक्याशेजारी, मी लाल शाईनं लिहिलंय, 'मी मारला. निदान चुकलं होतं.' खाली पूर्ण नाव आणि सही. मुन्शीच्या पेपरचा कोपरा कोरा आहे.

परवा मंडळाचं पत्र आलं. वकील म्हणाले, पश्चात्ताप झाल्याचं लिहून द्या, कार्ड परत मिळेल. पश्चात्ताप होतो काय, असा एक रकानाच आहे त्यात. मी तो भरून पाठवला.

ज्यांना सुई दिली त्यांचा होतो. ज्याला दिली नाही त्याचा नाही.